पोटावरचं पाणी

पाणी तपासायची कल्पना ड्रॉइंग सरांची नव्हे, जावयाची. म्हणजे जावई तसं काही म्हणाला नव्हता. तो सरळ काही म्हणणाऱ्यांतला नव्हताच. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तसं काही नाही हो बाबा, पण तिकडे राहायला गेल्यापासून तिचं पोट सारखं बिघडतंय, एवढंच." जावयाच्या तोंडचं 'एवढंच' हे कधीच एवढंच नसतं, हे ज्याला मुलगी आहे त्याला सांगायला नको.

पोट बिघडत होतं ते नातीचं. सहा वर्षांची पोर. आईबाप दोघंही लांबच्या शहरात पाळीपाळीच्या नोकरीत, म्हणून गेल्या वर्षापासून ती आजीआजोबांकडे राहून इथल्याच शाळेत जात होती. ती आल्यापासून सरांचं घर घर झालं होतं. बायकोची सकाळ तिची वेणी घालण्यात जायची. निवृत्तीनंतर सर नुसते खुर्चीवर बसत असत, ते आता तिच्या वह्यांना पुठ्ठे घालत होते आणि तिच्या प्रत्येक चित्राला मनापासून दहापैकी चारच गुण देत होते. पण या थंडीत तिचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं, तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून सरांच्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी बघा. नाहीतर हात बघा."

हात म्हणजे कुणाचे हे विचारायची गरज नव्हती. घरात स्वयंपाक करणारे हात दोनच होते. आणि ते अशा बाईचे होते, जी हात धुण्याआधी नळ धुवायची आणि नळ धुतल्यावर नळ धुताना लागलेला साबणही धुवायची. तिचं पिण्याच्या पाण्याचं पिंप इतकं लख्ख असे, की सर दाढी करताना कधीकधी त्यातच बघत. अशा बाईला डॉक्टरांनी "हात बघा" म्हणावं? घरी येऊन तिने सगळी भांडी खाली काढली आणि पुन्हा घासली.

मग मुलीचा फोन आला. मुलगी बापावर गेलेली, म्हणजे आडवळण नाही. "बाबा, काय ते एकदा नीट शोधून काढा. पाणीच खराब असेल तर तिला तिथे ठेवून उपयोग नाही. शाळेतही तेच पाणी. मी येऊन घेऊन जाईन, इथे कुणीतरी बाई बघू. आणि घरातलंच काही असेल, तर आईला सांगा जरा... म्हणजे, तुम्हीच सांगा."

थोडक्यात, पाणी खराब निघालं तर नात जाणार होती आणि पाणी चांगलं निघालं तर बायकोचं नाव जाणार होतं. एखादा शहाणा माणूस अशा वेळी गप्प बसून पाणी उकळायला लागला असता. पण सर चाळीस वर्षं मुलांना सरळ रेघ मारायला शिकवत आले होते, आणि अशा माणसाला दोन वाटा दाखवल्या की तो तिसरी आखायला बसतो. सरांची तिसरी वाट अशी, की पाणी तपासायचं, ते खराब आहे हे सिद्ध करायचं, सोसायटीकडून टाकी दुरुस्त करून घ्यायची आणि मग मुलीला सांगायचं, की बघ, तुझ्या आईचा दोष नव्हता आणि आता पाण्याचाही नाही. आखणी सुंदर होती. सरांच्या आखण्या सगळ्या सुंदरच असत, खाली नाव घालून भिंतीवर लावण्यासारख्या.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाण्याचा माठ रिकामा होता. सर तासभर बसले आणि मग साहेबांनी त्यांना आत घेतलं. साहेब उत्साही होते, आणि सरकारी कचेरीत उत्साही माणूस भेटणं हे नेहमीच धोक्याचं.

"एका घराचं पाणी आम्ही तपासत नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्ही तपासू शकता. लोकांनीच लोकांचं पाणी तपासायचं, अशी योजना आहे. शिकलेला, रिकामा आणि विश्वासू माणूस पाहिजे. तुम्ही रिकामे आहात ना?"

सरांनी विश्वासू या शब्दाकडे लक्ष देऊन मान हलवली. साहेबांनी टेबलाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि वरची धूळ फुंकली. ती सरांच्या शर्टावर बसली. खोक्यात बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीच्या तळाशी औषध लावलेली कागदाची पट्टी. पिण्याचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि एक-दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात घाण आहे, नाही पडलं तर नाही. इतकं सोपं होतं, की सरांना आपण ड्रॉइंगमध्ये आयुष्य का घालवलं असं वाटून गेलं.

"उबेत म्हणजे कुठे?" सरांनी विचारलं. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"त्याचं यंत्र असतं. ते मुख्य कचेरीत आहे. बंद आहे." साहेब जरा थांबले. "पण अंगाची ऊब चालते. कमरेला बांधा की. माणसासारखं यंत्र नाही हो सर, त्याला वीज लागत नाही."

"एकच बाटली द्या," सर म्हणाले.

"एक देता येत नाही. द्यायचं तर पूर्ण खोकं. आणि पूर्ण इमारत करायची."

अशा रीतीने बायकोचं नाव राखायला निघालेले सर पूर्ण इमारतीचं पाणी काखोटीला मारून परत आले.

बायकोने जुन्या चादरीचा एक पट्टा शिवून दिला, ओळीने खण असलेला. शिवताना ती एवढंच म्हणाली, "अहो, नाही केलं तर नाही का चालणार? मी उद्यापासून उकळत जाते पाणी." सर म्हणाले, "आणि लोकांनी म्हणायचं, आजवर उकळत नव्हती?" यावर तिने दोरा दाताने तोडला आणि पट्टा त्यांच्या हातात दिला.

मग सर दारोदार गेले. प्रत्येक बाटलीवर त्यांनी घरवाल्याचं नाव आपल्या सुप्रसिद्ध अक्षरात लिहिलेलं होतं, पहिलं अक्षर लाल. आणि इथे मान्य केलं पाहिजे, की माणसं फार चांगली वागली. सर पाणी मागायला आलेत म्हटल्यावर कुणी त्यांना दारात उभं ठेवलं नाही. आत बसवलं, आतून चांगल्या पेल्यात पाणी आणलं, कुणी पेला आधी विसळला, कुणी खाली बशी धरली. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने तर दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून स्वतः वर जाऊन पाणी आणलं. सोसायटीचे सेक्रेटरी आधी म्हणाले, "कशाला उगाच झंझट? टाकी गेल्याच महिन्यात धुतलीय," पण पाणी त्यांनीही दिलं, झाकणाच्या तांब्यातून. शेवटची बाटली सरांनी आपल्या घरच्या पिंपातून भरली आणि सगळा ऐवज पोटाला बांधला.

त्यानंतरचे दोन दिवस सरांना आयुष्यातले सर्वात लांब वाटले. कुशीवर झोपता येईना, खाली वाकता येईना, चपलांचे बंद नातीने लावून द्यायचे. नात पोटाला कान लावून म्हणे, "आजोबा, सेक्रेटरीआजोबा हलतायत." बायको जेवताना समोर बघत नसे. त्यातच पेन्शनच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायचा दिवस आला. दारावरच्या पहारेकऱ्याने अंगावरून हात फिरवला आणि तो पोटावर थांबला.

"हे काय बांधलंय?"

"पाणी," सर म्हणाले.

"पाणी कुणी असं बांधतं का? तहान लागते का तुम्हाला सारखी?"

"हे प्यायचं नाही. पिण्यासारखं आहे का ते बघायचंय."

पहारेकऱ्याने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वरच्या साहेबांना विचारायला गेला. आपण जिवंत आहोत एवढंच सांगायला आलेला माणूस संशयित म्हणून बाकावर बसला, आणि रांगेतली सगळी म्हातारी मंडळी त्याच्याकडे कण्हत कण्हत बघत राहिली. त्यातून सरांचा एक जुना विद्यार्थी तिथे कारकून निघाला. तो धावत आला, फुगलेल्या पोटाकडे बघून गंभीर झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, कधी झालं ऑपरेशन? पाणी काढलं का?" सरांनी त्याला समजावून सांगितलं नाही. काही अपमान तसेच गिळलेले बरे असतात.

दुसऱ्या संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत बैठक होती. सरांनीच मागितली होती. निकाल सर्वांसमोर लागावा, काळ्या बाटल्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघाव्या आणि टाकीचा ठराव तिथल्या तिथे व्हावा, असा त्यांचा बेत. खोली लहान, दारं बंद, माणसं दाटीवाटीने. थोड्या वेळाने एक वास येऊ लागला. सडलेल्या अंड्यासारखा. आधी सगळ्यांनी शिष्टपणाने इकडेतिकडे बघितलं, मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा सरांवर येऊन थांबल्या. सेक्रेटरींनी उठून खिडकी उघडली. "तो वास पाण्याचा आहे," सर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनाच इतकं केविलवाणं वाटलं, की ते घाईने शर्ट वर करून पट्टा सोडू लागले.

बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. औषधवाला स्वच्छ. सेक्रेटरी स्वच्छ. दुसरा मजला, तिसरा मजला, चौथा मजला, सगळं कसं नितळ. एकच बाटली काळीकुट्ट होती, शाईच्या दौतीसारखी. आणि तिच्यावर, पहिलं अक्षर लाल असलेल्या त्या देखण्या अक्षरात, सरांचं स्वतःचं नाव होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे टाकी उत्तम आहे. तसा निकाल आपण फळ्यावर लावू. सर, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे." दारातून बाहेर पडताना चौथ्या मजल्यावरच्या बाई सरांच्या बायकोसाठी म्हणून सांगून गेल्या, की पिंप घासायला राख उत्तम.

घरी येऊन सरांनी बायकोला काय सांगावं याचा बराच विचार केला. तिला सांगावं लागलंच नाही, जिन्यात चर्चा झाली होती. ती पिंपासमोर उभी होती. "मी रोज घासते हो," ती म्हणाली. "तुम्ही बघता ना, मी रोज घासते." तिचा आवाज असा कधी झाला नव्हता. सर म्हणाले, "बघतो ना."

गंमत बघा, सगळ्या इमारतीला जे ठाऊक होतं ते सरांना दोन दिवसांनी, खोकल्याचं औषध आणायला गेले तेव्हा कळलं. औषधवाला पुडी बांधता बांधता म्हणाला, "सर, मनाला लावून घेऊ नका. आता तुम्हीही एक पाण्याचं मशीन लावून टाका."

"तूही लावलंयस?"

"आमच्याकडे मशीन. दुसऱ्या मजल्यावर मशीन. सेक्रेटरी उकळून, गाळून, वर दोन थेंब औषध टाकून घेतात. माझ्याकडूनच नेतात की."

"मग मला दिलंस ते पाणी?"

"पिण्याचं मागितलंत ना? मग पिण्याचंच दिलं." औषधवाल्याला खरंच वाईट वाटलं. "अहो सर, तुम्ही दारात पाणी मागायला येणार आणि मी तुम्हाला नळाचं देणार? शोभतं का ते?"

सर काउंटरला धरून उभे राहिले. "पण नळाचं पाणी चांगलं आहे असं फळ्यावर असतं दर वेळी. टाकी धुतली आहे, पाणी पिण्यास योग्य आहे."

"ते तुम्हीच लिहिता ना," औषधवाला म्हणाला. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

खरंच होतं. सेक्रेटरी मजकूर सांगत आणि सर रंगीत खडूने, कडेला वेल काढून तो लिहीत. तो मजकूर सबंध इमारतीत दोनच माणसांनी खरा मानला होता. एक, लिहिणारा. दुसरी, लिहिणाऱ्याची बायको, जी म्हणे, "ह्यांनी लिहिलंय म्हणजे असेलच." त्या भरवशावर त्यांनी नातीला नळाचं पाणी पाजलं होतं. औषधाची पुडी काउंटरवरच विसरून सर जिना चढले.

खोक्यात उरलेल्या चार बाटल्या त्यांनी आता थेट नळांतून भरल्या. एक गच्चीवरच्या टाकीच्या तोटीतून, एक औषधवाल्याच्या मोरीतून, एक स्वतःच्या नळातून, आणि एक रस्त्यावरच्या जोडणीपाशी, जिथे पाणी इमारतीत शिरतं तिथून. पुन्हा पट्टा, पुन्हा पाठीवर झोप. रविवारी सकाळी त्यांनी शर्ट वर केला आणि बघतात तो सगळ्या बाटल्या काळ्या. काळ्या रंगाचं इतकं सुख त्यांना आयुष्यभर रंगांत वावरूनही झालं नव्हतं. ते तसेच उघड्या पोटाने स्वयंपाकघरात गेले. "अगं बघ. तुझा दोष नाही. पिंपाचा नाही, हातांचा नाही, कशाचा नाही. पाणीच मुळात घाण आहे."

बायकोने बाटल्यांकडे बघितलं आणि मग आतल्या खोलीच्या दाराकडे. नात अजून झोपली होती. "लेक आज येतेय ना, हिला न्यायचं की नाही ते ठरवायला," ती म्हणाली.

"येऊ दे. दाखवतो तिला. आधी टाकीचं बघतो."

टाकीचं बघायला सर सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींच्या पोटातलं पाणी हललं नाही. "सर, निकाल एकदा लागला की लागला. तुमच्याच अक्षरात खाली फळ्यावर आहे, पाणी उत्तम. आता तुम्हीच उलट लिहिणार? लोक काय म्हणतील? आणि टाकी गेल्याच महिन्यात धुतलीय." सरांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन केला. ते रविवारीही उत्साही होते. "रस्त्यावरचंही काळं? वा, छान काम केलंत. आता पुन्हा एकदा करा. पुन्हा काळं आलं तर आम्ही येऊन करू, म्हणजे आमचं यंत्र सुरू झालं की. तोवर लोकांना घाबरवू नका." तिसरी वाट इथे संपली. सरांनी फोन ठेवला आणि घरी आले. बाटल्या मात्र त्यांनी पट्ट्यातच ठेवल्या, मुलीला दाखवायला.

मुलगी आली ती नातीसाठी स्वेटर घेऊन. नात तिच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. चहा झाला. सर बोलायला तोंड उघडणार तोच बायको म्हणाली, "थांबा तुम्ही. मी सांगते." सरांना वाटलं, जिंकल्याचा आनंद तिला स्वतःला घ्यायचा आहे. ते कौतुकाने गप्प बसले.

"पिंपात दोष होता गं," बायको म्हणाली. "तळाशी गाळ धरला होता. माझ्या लक्षातच नाही आलं. इतकी वर्षं झाली, डोळे कमी झाले. आता नवीन आणते, पाणी उकळते. परत नाही होणार असं."

सरांना आपण काय ऐकलं ते कळेना. ज्या पिंपात बघून ते दाढी करत, त्या पिंपात गाळ? बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुलीकडे बघत होती, परीक्षेत पास करा म्हणून विनवावं तशी. आणि मग सरांना कळलं. पाणी खराब असेल तर पोर जाणार. आजी खराब असेल तर आजी सुधारता येते.

मुलीने आईचा हात हातात घेतला. "आई, तुझी चूक नाही. वय झालंय तुझं. पण आता तुझ्याच्यानं होत नाही गं. मी नेते तिला."

हा हिशोब बायकोने केला नव्हता. तिचा हात मुलीच्या हातात पडून राहिला.

सर उठले. शर्ट वर करून त्यांनी पट्टा सोडला आणि काळ्या बाटल्या एकेक करून चहाच्या कपांशेजारी मांडल्या. "ही टाकी. हा औषधवाल्याचा नळ. हा आपला नळ. हा रस्ता. पिंपात कसलाही गाळ नाही. तुझी आई खोटं बोलते आहे. तिच्या हाताला आजही दोष नाही आणि उद्याही असणार नाही."

मुलीने एक बाटली उचलून उजेडात धरली. "म्हणजे पाणीच."

"पाणीच."

"मग तर ठेवायचा प्रश्नच नाही, बाबा. घरी उकळाल, पण शाळेतही हेच पाणी." ती आईच्या गळ्यात पडली, माफी मागितली, रडली. जावयालाही लगेच फोन लावून तिने सांगितलं, की आईचं काही नव्हतं. इतकं रीतसर नाव राखलं गेलेलं सरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग ती आत जाऊन पोरीचे कपडे भरू लागली.

दुपारी रिक्षा आली. नात खिडकीतून हात हलवत राहिली आणि ओरडून म्हणाली, की चित्रं भिंतीवरून काढू नका. रिक्षा वळली. सेक्रेटरी फाटकात उभे होते. ते सहानुभूतीने म्हणाले, "नेलं का पोरीला? बरं केलं. आधी घरातलं पाणी सुधारा, मग आणा परत." सरांकडे द्यायला उत्तर होतं, पण ते वर टेबलावर राहिलं होतं.

ते वर आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात खाली बसली होती. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?" ती म्हणाली.

"ती नेणारच होती गं. आणि तुझं नाव फुकट जात होतं."

"मी अजून बोलले असते. पाया पडले असते तिच्या."

"तुझं नाव—"

"मेलं ते नाव," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी काय नावाची वेणी घालू?"

सर तिच्याशेजारी फरशीवर बसले. ती रडत होती, आणि आता त्यांनाही रडू आलं.